घोडा एकाच वेळी दोन सुरांत खिंकाळतो

सोलापुरात लग्नसराई सुरू झाली की रोज संध्याकाळी कुठली ना कुठली वरात रस्ता अडवून उभी असते, पुढं डीजे, मागं नवरदेवाचा घोडा, आणि तो मान झटकून जोरात खिंकाळला की लोक म्हणणार "बघ कसा रंगात आलाय". लगेच मोबाईल वर. पण घोडा खिंकाळला म्हणजे खूश झाला हे काही खरं नाही, आणि तो भेदरलाय असंही सरसकट म्हणता येत नाही, कारण त्या एका खिंकाळीत दोन वेगळे सूर असतात आणि दोन्ही वेगळी गोष्ट सांगतात. हे मला कळलं तेव्हापासून घोडा दिसला की माझे कान आधी तिकडं जातात.

आधी शाळेतलं आठवा. फुफ्फुसातली हवा वर येते, स्वरयंत्रातले स्वरतंतू थरथरतात आणि आवाज निघतो. तंतू जितके लांब, जाड, तितका आवाज खर्जातला. घोडा चारपाचशे किलोचं जनावर, तंतूही तसेच दणकट, त्यामुळं त्याचा सूर साधारण 200 हर्ट्झच्या आसपास असतो, इथपर्यंत ठीक. पण खिंकाळीचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उलगडून बघितलं की त्याच्याच जोडीला 1000 हर्ट्झच्या वर आणखी एक सूर दिसतो आणि तो खालच्या सुराच्या पटीतला नसतो, म्हणजे त्याच सुराचा उपस्वर नव्हे, स्वतंत्र सूर, आपल्या चालीनं वरखाली होणारा. आता एवढ्या मोठ्या तंतूंमधून इतका बारीक सूर निघणार कसा?

तर तो तंतूंचा नाहीच, ती शिट्टी आहे, घशातली. आपण ओठांचा चंबू करून शिट्टी मारतो तेव्हा ओठ थरथरत नसतात, अरुंद फटीतून सुसाट निघालेल्या हवेत भोवरे उठतात आणि त्यातून सूर तयार होतो. घोडा हेच काम स्वरयंत्रात करतो आणि त्याच वेळी तंतूही वाजवत असतो. कोपनहेगन विद्यापीठातल्या एलोडी ब्रीफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ज्या पद्धतीनं सिद्ध केलं ती मला फार म्हणजे फारच आवडते. मेलेल्या घोड्यांची स्वरयंत्रं घेतली, त्यातून आधी साधी हवा सोडली आणि मग हीलियम. हीलियममधे ध्वनी हवेच्या जवळपास तिप्पट वेगानं जातो. तंतूंची थरथर ठरते ती त्यांच्या वजनावर आणि ताणावर, भोवती कुठला वायू आहे त्यानं तिला फारसा फरक पडत नाही, पण शिट्टीचा सूर वायूतल्या ध्वनीच्या वेगाबरोबर बदलतो, म्हणजे हीलियम सोडल्यावर जो सूर जागच्या जागी राहील तो तंतूंचा आणि जो वर चढेल तो शिट्टीचा. खालचा तिथंच राहिला, वरचा चढला. विषय संपला!

आता अर्थाकडं. ब्रीफर झुरिकला होत्या तेव्हा 2015 मधे त्यांच्या टीमचा अभ्यास आला होता. कळपातला एखादा घोडा बाजूला न्यायचा, थोड्या वेळानं परत आणायचा आणि त्या दोन्ही वेळच्या खिंकाळ्या, हृदयाचे ठोके नोंदवायचे. त्यात दिसलं की खालचा सूर भावना किती तीव्र आहे ते सांगतो आणि वरचा सूर ती भावना चांगली का वाईट ते. सोबती परत आला की खिंकाळी आखूड आणि वरचा सूर खाली, सोबती चालला की खिंकाळी लांब आणि वरचा सूर उंच. मग वरातीतल्या घोड्याची लांबलचक, टोकदार खिंकाळी ऐकून आपण टाळ्या वाजवतो त्याला काय म्हणायचं? कान मागं चिकटलेत का, डोळ्याचं पांढरं दिसतंय का, एवढं तरी बघा आणि डीजे लांब घ्या. काळ्या घोड्याची नाल दाराला ठोकली की शनी टळतो म्हणून लोक पैसे मोजतात, ती नाल म्हणजे झिजलेलं लोखंड आहे, त्यापेक्षा जिवंत घोडा काय सांगतोय ते ऐकणं कधीही मोलाचं.

बाकीचे आवाज तसे सोपे. तोबरा दिसला की तोंड मिटून घशातल्या घशात जो मऊ घुरघुराट करतो तो जवळच्यासाठी, घोडी शिंगराला पण तसंच बोलावते. दोन अनोळखी घोडे नाकाला नाक लावून हुंगतात आणि एकदम किंचाळून पुढचा पाय आपटतात, ती एकमेकांची ताकद जोखायची पद्धत. आणि फुरफुरणं, ते नाकात धूळ गेली म्हणून असं आपण समजतो, पण फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या 2018 च्या अभ्यासात घोडे निवांत असताना, कुरणात चरताना जास्त फुरफुरले, तबेल्यात कोंडलेले असताना कमी.

अकलूजच्या घोडेबाजारात एक घोडा टेम्पोत चढवला की दुसरा खुंट्याला ओढ देऊन ओरडत राहतो, त्याला "सवयीनं ओरडतोय" म्हणून सोडून देऊ नका. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 मधे घोड्यासमोरून त्याच्या ओळखीचा एक घोडा नेला, तो आडोशामागं गेल्यावर स्पीकरवर भलत्याच सोबत्याचा आवाज लावला, तर तो चटकन वळून जास्त वेळ त्या दिशेला बघत राहिला. दिसला एक आणि ओरडला दुसरा, हे त्याला खटकलं. म्हणजे कुणाचा आवाज कुणाचा हे घोड्याला पक्कं ठाऊक असतं, आणि टेम्पोत चढलेला सोबती नेमका कोण होता तेही.