काबोटी, फ्रेड

फ्रेड काबोटी (सुमारे १९००–१९८६) हे अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यातील होपी समाजाचे चित्रकार, शिक्षक आणि चांदीकामाचे संकल्पक होते. त्यांचा जन्म सेकंड मेसा या पठारावरील शुंगोपावी गावी झाला. आजोबांनी त्यांना ‘उद्या’ या अर्थाच्या होपी शब्दावरून हाक मारायला सुरुवात केली आणि शाळेच्या दफ्तरात त्याच शब्दाचे ‘काबोटी’ झाले. मुलांना सरकारी शाळांत पाठवण्यास ठाम विरोध करणाऱ्या परंपरानिष्ठ होपींपैकी त्यांचे कुटुंब होते. तरीही १९१५ मध्ये त्यांना न्यू मेक्सिकोतील सांता फे इंडियन स्कूल या निवासी शाळेत जावे लागले.

मुलांना त्यांच्या भाषेपासून, वेषापासून आणि धर्मविधींपासून तोडणे हा अशा शाळांचा उघड हेतू होता. काबोटींची कला मात्र तेथेच उमलली. शाळेचे अधीक्षक जॉन डीहफ यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी धोरणाची पर्वा न करता त्यांच्यासह काही निवडक मुलांना घरी बोलावून रंग आणि कागद दिले. काय रंगवायचे ते मुलांवरच सोडलेले होते, आणि काबोटींनी होपी श्रद्धेतील कात्सिना हे आत्मे रंगवले. आपल्या माणसांपासून दूर असताना भोवती दिसणारे नव्हे, तर मनात घर करून राहिलेले कागदावर उतरते, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्यांच्या पहिल्या चित्रांमागे ही घरची ओढ आहे.

कात्सिनांना ‘देव’ म्हणणे अपुरे ठरेल. ते पाऊस, पीक आणि पूर्वज यांच्याशी जोडलेले आत्मे असून, हिवाळ्यात अॅरिझोनातीलच सॅन फ्रान्सिस्को नावाच्या पर्वतशिखरांवरून गावांत येतात आणि जुलैच्या सुमारास ‘निमान’ विधीनंतर परत जातात, अशी होपींची श्रद्धा आहे. या काळात मुखवटे धारण केलेले पुरुष गावच्या चौकात नृत्य करतात. त्यांची तयारी ‘किवा’ नावाच्या, बहुधा जमिनीखालच्या विधिगृहात होते. नदीनाल्याच्या पाण्याचा आधार नसलेल्या कोरड्या पठारावर मका पिकवणाऱ्या समाजासाठी हे नृत्य म्हणजे पावसासाठीची सामुदायिक प्रार्थनाच असते.

काबोटींची जलरंगचित्रे या नृत्यांशी कमालीची प्रामाणिक आहेत. त्यांच्या अनेक चित्रांत आकाश नसते, घरे नसतात, पायांखालची जमीनही नसते. कोऱ्या कागदावर नर्तकांची रांग तेवढी उभी असते. नजर मग तपशिलावर खिळते: भरतकामाच्या काठाचे पांढरे सुती कटिवस्त्र, पाठीमागे लोंबणारे कोल्ह्याचे कातडे, गळ्याभोवती सदाहरित झाडाच्या डहाळ्या, हातात भोपळ्याचा खुळखुळा, गुडघ्यामागे बांधलेली कासवाची पाठ आणि तालावर उचललेले पाऊल. होपी गावांत विधींचे छायाचित्रण पुढे बंद झाले, हे लक्षात घेता आतल्या माणसाने डोळ्यांत साठवून रेखाटलेल्या या चित्रांचे मोल फार मोठे आहे.

ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरील डेझर्ट व्ह्यू वॉचटॉवर ही वास्तुविशारद मेरी कोल्टर यांची इमारत १९३० च्या दशकाच्या आरंभी उभी राहिली. तिच्या ‘होपी दालना’तील भित्तिचित्रे काबोटींची आहेत. नदी शेवटी कोठे जाते हे जाणून घेण्यासाठी एक तरुण पोकळ ओंडक्यात बसून कोलोरॅडोच्या प्रवाहात निघतो आणि नागलोकांकडून पावसाचा विधी घेऊन परततो, ही सर्पविधीची मूळकथा तेथे वर्तुळाकार चित्रात मांडली आहे. खाली तीच नदी वाहत असताना पाहणाऱ्यासमोर ही कथा येते, ही जागेची निवड अतिशय अर्थपूर्ण आहे. अॅरिझोनातीलच पेंटेड डेझर्ट इन या जुन्या पांथस्थगृहातील १९४०च्या दशकाच्या अखेरीची भित्तिचित्रेही त्यांचीच असून, त्यांत झुनी सरोवराकडे मीठ आणायला जाणाऱ्या होपी तरुणांची यात्रा आहे.

अवातोवी या प्राचीन होपी गावाच्या किवांतील भित्तिचित्रांच्या त्यांनी केलेल्या प्रतिकृती १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मांडल्या गेल्या. १९४५ मध्ये मिळालेल्या गुगेनहाइम शिष्यवृत्तीतून त्यांनी न्यू मेक्सिकोतील प्राचीन मिम्ब्रेस संस्कृतीच्या मृत्पात्रांवरील आकृत्यांचा होपी दृष्टीने अर्थ लावला.

१९३७ ते १९५९ या काळात काबोटी ओरैबी येथील होपी हायस्कुलात कला शिकवत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या होपी सैनिकांसाठी चांदीकामाचे वर्ग सुरू झाले तेव्हा कारागिरी पॉल सॉफ्की यांनी शिकवली, तर आकृतिबंधांची बाजू काबोटींनी सांभाळली. या ‘ओव्हरले’ पद्धतीत चांदीच्या एका पत्र्यात बारीक करवतीने नक्षी कापतात, तो दुसऱ्या अखंड पत्र्यावर डाख देऊन सांधतात आणि खोलगट भाग काळा करतात. त्यामुळे चकाकत्या चांदीत ढग, पाऊस किंवा अस्वलाचे पाऊल गडद उठून दिसते. १९४९ मध्ये या कारागिरांची सहकारी संस्था स्थापन झाली. शेजारच्या नवाहो समाजाच्या दागिन्यांहून वेगळी, पाहताक्षणी ओळखू येणारी होपी शैली यातूनच रूढ झाली.

१९५९-६० मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनात ते अमेरिकेचे सदिच्छादूत म्हणून आले होते. त्यांचे पुत्र मायकेल काबोटी (१९४२–२००९) हेही चित्रकार आणि चांदीकामाचे कलावंत होते. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘आर्टिस्ट होपिड’ या गटातून त्यांनी वडिलांचाच विषय आधुनिक अमूर्त शैलीत पुढे नेला.