तपकिरी दिसलं म्हणून चिंकारा होत नाही

सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर नान्नज. सकाळी माळाच्या कडेला गाडी थांबते, लांब गवतात सात-आठ तपकिरी माना वर होतात आणि मागच्या सीटवरून हमखास आवाज येतो, "तो बघा चिंकारा!" आमच्या शेतावर दोन दिवस राहायला येणाऱ्या पाहुण्यांना मी दर हिवाळ्यात माळावर नेतो. दर हिवाळ्यात हेच ऐकतो आणि घरी गेल्यावर हेच नाव टाकून आलेले फोटोही बघतो. ती काळविटं असतात. नान्नजचा माळ त्यांचाच आहे.

काळविटाचा मोठा नर सगळ्यांना ठाऊक आहे. काळी पाठ, पांढरं पोट, पिळाची उंच शिंगं. त्याच्यावर वेळ घालवत नाही. आकाराचाही फार उपयोग नाही. चिंकारा काळविटापेक्षा लहान आणि हलका, साधारण वीस-बावीस किलोचा; पण दोनशे मीटरवरून उन्हाच्या झळीत वजन कुणाला कळणार? आणि दोघांनाही 'हरीण' म्हणायला माझी हरकत नाही, आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. फक्त चितळ-सांबरासारखी यांची शिंगं दर वर्षी गळून नवी येत नाहीत, ती जन्मभराची असतात, एवढं लक्षात ठेवा.

घोळ होतो तो कळपातल्या बाकीच्यांमुळे. काळविटाची मादी तपकिरी असते, पिल्लं तपकिरी असतात आणि वयात न आलेले नरही तपकिरीच असतात. म्हणजे काळविटाच्या कळपात काळं जनावर एखाददुसरंच. लोक त्या एकाला काळवीट म्हणतात आणि उरलेल्या सगळ्यांना चिंकारा करून टाकतात. जणू दोन जातींचा एकत्र संसार चाललाय.

मादी ओळखणं सोपं आहे. काळविटाच्या मादीला सहसा शिंगं नसतात. चिंकाऱ्याच्या मादीला असतात, बारीक, सरळ, वीतभरही नसलेली. तेव्हा बिनशिंगांच्या तपकिरी माद्यांचा घोळका दिसला तर प्रश्न तिथेच संपला.

खरा चकवा देतो तो काळविटाचा कोवळा नर. अंग तपकिरी, आणि शिंगांना अजून पीळ पडलेला नाही. काळविटाची शिंगं आधी जवळजवळ सरळच फुटतात, पीळ वयाबरोबर चढत जातो. त्या वयाचा नर बाजूने पाहिला तर चिंकाऱ्याच्या चित्रासारखाच दिसतो. चांगले, वाचलेले, महागडी लेन्स घेऊन आलेले लोकही इथे फसतात. म्हणून माझा आग्रह असतो की शिंगं सोडा, तोंड बघा.

चिंकाऱ्याच्या तोंडावर रेघा असतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकपुडीकडे उतरणारी गडद रेघ, तिच्या वरच्या अंगाला पांढरा पट्टा, कपाळ तांबूस. ओघळलेल्या काजळासारखी ती गडद रेघ दुर्बिणीतून स्पष्ट दिसते. काळविटाच्या तोंडावर अशी रेघ नाहीच. त्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं, चुन्याने गोल काढावा तसं. मादी असो, पिल्लू असो, कोवळा नर असो, ते कडं बघायचं. कडं दिसलं की काळवीट, रेघ दिसली की चिंकारा.

जनावर पाठमोरं असेल तर शेपटीकडे बघा. चिंकाऱ्याची शेपटी काळी, आणि ती सतत हलत असते. चरतानासुद्धा थांबत नाही. घाबरला की चिंकारा पाय आपटतो, शिंकल्यासारखा आवाज काढतो. काळविटं बिथरली की उंच उड्या मारत निघतात. एकापाठोपाठ अख्खा कळप हवेत उसळतो. ज्याने ते पाहिलंय त्याला पुन्हा नाव विचारावं लागत नाही. चिंकारा एवढा मोठा कळपही करत नाही. एकटा, नाहीतर तीन-चार जण.

चिंकाराच बघायचा असेल तर पुण्याकडे परतताना चौफुल्याला वळून सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य गाठा. ते चिंकाऱ्यासाठीच प्रसिद्ध आहे. आणखी काळविटं हवी असतील तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी. नान्नजचं अभयारण्य 1979 साली जाहीर झालं ते माळढोक पक्ष्यासाठी. काळविटांना त्या माळाचा आसरा मिळाला.

एक गोष्ट मात्र मी खपवून घेत नाही. ओळख पटवायची म्हणून गाडी गवतात घालायची नाही. नाव चुकलं तर दुरुस्त करता येतं. चाकाखाली गेलेलं टिटवीचं अंडं परत येत नाही. काळविटाची मादी पाडस गवतात दडवून चरायला जाते. ते हालचाल न करता पडून राहतं. ते टाकून दिलेलं नसतं, आई जवळपासच असते. हात लावू नका, उचलू नका, आल्या वाटेने मागे फिरा. रस्त्यावर थांबून, इंजिन बंद करून पंधरा मिनिटं बसलात तर कळप स्वतःहून तोंड वळवतो, आणि तेव्हा ते पांढरं कडं दुर्बिणीशिवायही दिसतं.