पेटीच्या भात्याला कोणतं कातडं?

नाथषष्ठी असो की गावचा सप्ताह, भजनी मंडळाची जुनी पेटी माळ्यावरून उतरते आणि भाता कितीही मारला तरी सूर टिकत नाही. मग 'नजर लागली' म्हणून पेटीला लिंबू-मिरची बांधतात. नजर कसली! भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यावर बोट फिरवा. बोटाला विटकरी भुकटी लागली, तर हवा तिथूनच निसटते आहे.

ही भुकटी म्हणजे कातड्यातलं मोडलेलं कोलॅजेन. या प्रथिनाच्या तीन साखळ्या दोरीसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. कातडं कमावताना सालींतलं टॅनिन या तंतूंमध्ये शिरतं, हायड्रोजन बंधांनी त्यांना धरून ठेवतं. पण टॅनिन दोन जातींचं. बाभळीच्या आणि मराठवाड्याच्या माळरानावर पिवळ्या फुलांनी डवरणाऱ्या तरवडाच्या सालीतलं टॅनिन संघनित, हिरड्यातलं जलविच्छेदनीय, म्हणजे पाण्यानं सुटं होणारं. संघनित टॅनिनचं कातडं धुरातला, हवेतला सल्फर डायऑक्साइड सहज शोषून घेतं. त्याचं गंधकाम्ल होतं आणि ते आम्ल साखळ्या ठिकठिकाणी तोडतं. पीळ उसवला की तंतूंचा भुगा उरतो. तो परत जुळत नाही, कोणत्याही तेलानं नाही. उलट तेलातली मेदाम्लं पितळी चुकांशी संयोग पावून हिरवा मेणचट थर धरतात. खोबरेल, एरंडेल भात्यापासून लांबच ठेवा.

क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्या कातड्यात क्रोमियम कोलॅजेनच्या कार्बॉक्सिल गटांना पक्कं बांधतो. म्हणून कच्चं कातडं 60 ते 65 अंश सेल्सिअसला आकसतं, सालीत कमावलेलं साधारण 70 ते 85 ला, चांगलं क्रोमचं मात्र 100 च्याही पुढे. दुकानदाराच्या शब्दाची गरजच नाही: नखाएवढा तुकडा 3 मिनिटं उकळत्या पाण्यात टाका. गुंडाळला, कडक झाला तर सालीचा. तसाच राहिला तर क्रोमचा. उन्हाळ्यात कोरड्या आणि पावसाळ्यात सर्द होणाऱ्या आपल्या हवेत रोज वाजणाऱ्या पेटीला क्रोमचंच घ्यावं.

कोपऱ्यांना आणि घड्यांना शेळीचं, अर्धा मिलिमीटर जाडीचं. मेंढीच्या कातड्यात वरच्या पापुद्र्याखाली चरबीचा थर असतो, त्यामुळे सततच्या घडीनं त्याचे दोन पदर सुटतात. मेंढीचं मऊ कातडं वाजवायच्या पट्ट्यांखालच्या, रीडची भोकं झाकणाऱ्या पाट्यांना शोभतं. हवा घेणाऱ्या झडपेला सुमारे 1 मिलिमीटर, खरखरीत बाजू लाकडाकडे. तुकडा ओठांना लावून हवा ओढून पाहा. आली, तर तो बाद. कातड्याच्या पट्ट्या पाठीच्या कण्याच्या दिशेनं कापाव्यात, पोटाकडचा भाग ताणतो. कडा रापीनं कागदासारख्या पातळ करा, नाहीतर घडी मिटताना भात्यातला पुठ्ठा उचलला जातो.

रेक्झिन 'आयुष्यभर टिकतं' असं सांगून विकतात. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू निघून जातो आणि घडीवर तडे पडतात.

चिकटवायला सरसच, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद. रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यावर वितळवा, 60 अंशांच्या वर नेऊ नका. जास्त तापला की त्याची पकड जाते. क्रोमचं असलं तरी चकचकीत बाजू चिकटवायची असेल तर आधी पॉलिशपेपरनं घासून घ्या. पुढच्या दुरुस्तीत सरस कोमट ओल्या फडक्यानं सुटतो. पांढरा गोंद काढताना पुठ्ठाच फाटतो.