राज्यसभेचा अर्ज आणि फुटलेला पक्ष: सही कुणाची चालते?

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रफुल्ल पटेल यांनी राज्यसभेसाठी उमेदवारी अर्ज भरला, तेव्हा ते राज्यसभेचे खासदारच होते. जून २०२२ मध्ये निवडून आलेले, मुदत जुलै २०२८ पर्यंत. चार वर्षांहून जास्त काळ हातात असताना माणूस त्याच सभागृहासाठी पुन्हा अर्ज का भरतो, असं अनेकांनी विचारलं. उत्तर राष्ट्रवादी काँग्रेसच्या फुटीत होतं. पटेल अजित पवारांच्या गटात होते. शरद पवार गटाची त्यांच्याविरुद्धची अपात्रतेची याचिका राज्यसभेच्या सभापतींपुढे होती. नव्याने निवडून यायचं आणि जुनी जागा सोडायची, म्हणजे जुन्या जागेवरच्या याचिकेत जीवच उरत नाही, असा अर्थ लोकांनी लावला. रिकाम्या झालेल्या त्या जागेवर जून २०२४ मध्ये सुनेत्रा पवार बिनविरोध गेल्या.

पात्रतेची बाजू अगदी साधी आहे. भारताचं नागरिकत्व, वय किमान ३० पूर्ण आणि देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव. २००३ पर्यंत ज्या राज्यातून उभं राहायचं तिथलाच मतदार असावं लागे. कायदा बदलला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला आणि उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी २०२२ मध्ये महाराष्ट्रातून निवडून येऊ शकले. लाभाचं पद, दिवाळखोरी, ठरावीक गुन्ह्यांतली शिक्षा या अपात्रता लोकसभेसारख्याच.

कागद मात्र नीट जमवावे लागतात. अर्ज नमुना २सी मध्ये. त्यावर सूचक म्हणून निवडून आलेल्या आमदारांच्या सह्या: विधानसभेच्या दहा टक्के किंवा दहा, यातला कमी आकडा. महाराष्ट्रात आमदार २८८, म्हणून सूचक १०; गोव्यात ४० आमदार, तिथे ४ पुरतात. दहा हजार रुपये अनामत, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. मतदार यादीतल्या आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत. आणि नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र: गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, सरकारी घराची थकबाकी. यातला एकही रकाना कोरा ठेवू नये. लिहिण्यासारखं काही नसेल तर 'निरंक' लिहावं. छाननीत अडवणूक झाली तर इथेच होते. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात आणि जाणती माणसं एकाहून जास्त भरतातच. शेवटची गोष्ट शपथ. ती अर्ज दिल्यावर, पण छाननीच्या दिवसाआधी घ्यावी लागते.

पक्षाच्या उमेदवाराला आणखी दोन कागद लागतात, नमुना एए आणि बीबी. लोकसभा-विधानसभेला ज्याला आपण एबी फॉर्म म्हणतो, त्याचे हे भाऊबंद. एए मध्ये पक्ष सांगतो की उमेदवार जाहीर करण्याचा अधिकार अमुक पदाधिकाऱ्याला आहे. बीबी मध्ये तो पदाधिकारी उमेदवाराचं नाव देतो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ते पोहोचले पाहिजेत, सही शाईची हवी, शिक्क्याची चालत नाही. एरवी ही कारकुनी कामं. पक्ष फुटला की सगळं राजकारण या दोन कागदांवर येऊन बसतं, कारण निवडणूक निर्णय अधिकारी खरा पक्ष कोणता हे ठरवत बसत नाही. निवडणूक आयोगाच्या दप्तरी ज्याचं नाव, त्याची सही.

महाराष्ट्राने हे अगदी तारखांनिशी पाहिलं. राज्यसभेच्या सहा जागांची अधिसूचना निघणार होती ८ फेब्रुवारी २०२४ ला. आयोगाने ६ तारखेला राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला दिलं. शरद पवार गटाला दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत नवं नाव सुचवायला सांगितलं आणि 'नॅशनलिस्ट काँग्रेस पार्टी – शरदचंद्र पवार' हे नाव मिळालं, तेही आधी याच राज्यसभा निवडणुकीपुरतं. गंमत अशी की राज्यसभेच्या मतपत्रिकेवर चिन्ह नसतंच. तरी नाव लागतं, त्याशिवाय एए-बीबी द्यायचा कुणाच्या नावाने?

सहा जागांना सहाच अर्ज उरले आणि निवडणूक बिनविरोध झाली. मतदान झालं तर काय होतं, त्यासाठी १० जून २०२२ आठवा. सहा जागा, सात उमेदवार. आमदार पसंतीक्रमाचे आकडे घालतो, तेही अधिकाऱ्याने दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच. हरियाणात २०१६ मध्ये चुकीच्या पेनामुळे डझनभर मतं बाद झाली होती. वैध मतांना प्रत्येकी १०० मूल्य देऊन बेरजेला जागांपेक्षा एक जास्त संख्येने भागायचं आणि एक मिळवायचा: २८४ वैध मतांचे २८,४००, भागिले ७, अधिक १, म्हणजे ४,०५८. सोप्या भाषेत ४१ मतं. मत गुप्त नसतं. पक्षाच्या आमदाराने पत्रिका आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची, इतर कुणालाही नाही. शिवसेनेचे सुहास कांदे यांचं मत याच मुद्द्यावर आयोगाने बाद ठरवलं, मोजणी मध्यरात्रीनंतरपर्यंत रखडली आणि दुसऱ्या पसंतीच्या जोरावर भाजपचे धनंजय महाडिक यांनी शिवसेनेचे संजय पवार यांना मागे टाकलं. दहा-अकरा दिवसांत शिवसेनाच फुटली.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. राज्यसभेच्या मतदानात पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून आमदारकी जात नाही. घटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, सभागृहातल्या मतदानाला लागते. हिमाचलमध्ये फेब्रुवारी २०२४ ला काँग्रेसच्या सहा आमदारांनी दुसरीकडे मतं दिली, ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि चिठ्ठीत भाजपचे हर्ष महाजन जिंकले. त्या सहा जणांची आमदारकी गेली खरी, पण अर्थसंकल्पाच्या वेळी व्हिप, म्हणजे पक्षादेश, मोडल्याबद्दल.

खासदार झाल्यावर मात्र ही सवलत संपते. पूर्वी एक तृतीयांश सदस्य बाहेर पडले की 'फूट' म्हणून वाचत. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बुजवली. आता दोन तृतीयांश सदस्यांसह विलीनीकरण एवढंच उरलं. तेलुगू देसमच्या राज्यसभेतल्या सहापैकी चौघांनी जून २०१९ मध्ये भाजपची वाट धरली आणि ते वाचले. गोव्यात सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदारांनी हेच गणित मांडलं. राष्ट्रवादीचे राज्यसभेत चार जण होते, म्हणजे तिघं लागले असते. म्हणूनच 'आम्ही विलीन झालो' न म्हणता 'आम्हीच मूळ पक्ष' म्हणणं भाग पडतं.

व्हिप न मोडताही पद जाऊ शकतं. संयुक्त जनता दलाचे खासदार शरद यादव आणि अली अन्वर यांनी नितीशकुमारांचा भाजपसोबत जाण्याचा निर्णय न मानता विरोधकांच्या व्यासपीठावर हजेरी लावली. स्वेच्छेने पक्ष सोडल्याचं मानून सभापती वेंकय्या नायडू यांनी डिसेंबर २०१७ मध्ये दोघांनाही अपात्र ठरवलं. याचिका लेखी आणि सत्यापित हवी, प्रती संबंधित सदस्याला आणि गटनेत्याला जातात आणि उत्तराला सात दिवस मिळतात. निर्णयाला मात्र मुदत नाही. यादवांचा तीन महिन्यांत लागला.

आमदार खासदार झाला तर राजपत्रात नाव आल्यापासून चौदा दिवसांत आमदारकी सोडावी, नाहीतर खासदारकी जाते. अशोक चव्हाण यांचा हा प्रश्न उरलाच नव्हता. त्यांनी १२ फेब्रुवारी २०२४ ला आमदारकी आणि काँग्रेस दोन्ही सोडली, दुसऱ्या दिवशी भाजपमध्ये गेले आणि त्याच आठवड्यात राज्यसभेचा अर्ज भरला.