अमेरिका वाईच्या अंगाला: केंद्र धरून काढलेल्या नकाशांची पार्श्वभूमी

साताऱ्याच्या गच्चीवरून हॅम रेडिओचा (हौशी लोकांच्या बिनतारी संचाचा) बीम, म्हणजे एका दिशेला रोखायचा अँटेना, न्यूयॉर्कला लावायचा तर तो पश्चिमेला कासकडे नाही, साधारण उत्तरेला वाईच्या अंगाला वळवावा लागतो. उत्तरेपासून पश्चिमेला २६ अंशांवर. अंतर सुमारे १२,७०० किलोमीटर. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा बघून वाढलेल्या माणसाला हे पटत नाही. हॅमवाले म्हणून आपल्याच गावाला केंद्र धरून नकाशा काढतात. त्यात केंद्रापासूनची दिशा आणि अंतर खरं. बाकी कुठल्याही दोन गावांमधलं अंतर मात्र त्यावर मोजू नये.

हे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची ही पद्धत, जुनं आहे. इ.स. १००० च्या सुमारास ख्वारिझमच्या एका विद्वानानं त्याचं वर्णन केलं; भारताबद्दल लिहून ठेवलं म्हणून आपण ओळखतो तोच अल-बेरूनी. गंमत म्हणजे भिंतीवरच्या नकाशाची पद्धत मर्केटरच्या ज्या १५६९ च्या नाविक नकाशातून आली, त्याच्याच कोपऱ्यात उत्तर ध्रुव असा केंद्र धरून काढलेला आहे.

खरी ओढाताण झाली ती केंद्र आणि कड कुठं धरायची यावर. १९४५ साली संयुक्त राष्ट्रांच्या स्थापना परिषदेसाठी जो बिल्ला बनला, त्यात केंद्र उत्तर ध्रुव, पण नकाशा असा फिरवलेला की यजमान उत्तर अमेरिका मधल्या उभ्या रेषेवर. कड ४० अंश दक्षिण अक्षांशावर संपलेली, म्हणजे अर्जेंटिनाचं खालचं टोकच गायब! नजरचूक म्हणा हवं तर; मला तसं वाटत नाही. डिसेंबर १९४६ मध्ये बोधचिन्ह मंजूर होईपर्यंत नकाशा फिरवला गेला आणि कड ६० अंशांवर नेली. अंटार्क्टिका तरीही बाहेरच.

पृथ्वी सपाट मानणाऱ्यांना हाच नकाशा पुरावा वाटतो. १८९२ मध्ये अमेरिकेत त्यांच्यापैकी एकानं असा नकाशा छापलाही होता. ध्रुव मध्ये धरला की अंटार्क्टिका ताणून नकाशाभोवतीचं कडं होतं, आणि व्हॉट्सअॅपवर त्याची बर्फाची भिंत.

सातारा मध्ये धरला तर ती कड म्हणजे प्रत्यक्षात एकच बिंदू: ईस्टर बेटाच्या उत्तरेला हजारेक किलोमीटरवरचा भर समुद्र. सांगलीकरांनी वेगळा नकाशा काढायची गरज नाही. शंभर-सव्वाशे किलोमीटरनं बीमला काही कळत नाही.