पोस्टमन माणूस ओळखायचा, ओटीपी ओळखत नाही

देवगडकडच्या आमच्या घरात माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे, तिच्यात आजोबांनी पाठवलेल्या मनीऑर्डरींचे खालचे तुकडे अजून आहेत. फॉर्मच्या तळाला निरोपासाठी जरा जागा असायची ना, तेवढाच तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राहायचा. आजोबा गिरणीत होते. निरोप कायम दोन ओळींचा, "शंभर पाठवतो आहे, छपराचं बघून घ्या, गणपतीला येतो." ८२ च्या संपानंतरचे तुकडे एकदम कमी आहेत, पण तो विषय वेगळा.

हे आठवायचं कारण म्हणजे मोबाईल बँकिंगच्या फसवणुकीबद्दल लोक बोलतात ते असं की जणू हे सगळं चार वर्षांपूर्वी आकाशातून पडलं. तसं नाहीये. पैसे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना "हा माणूस तोच आहे" हे कोणीतरी ठरवायला लागतं, आणि ते ठरवायचं काम कोणाकडून कोणाकडे सरकत गेलं ते बघितलं की चोर कसा वागत गेला तेही कळतं.

आपल्याकडे पोस्टाची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली आणि २०१५ मध्ये तिचं जुनं रूप बंद झालं, म्हणजे कोकणातली चार-पाच पिढ्यांची घरं तिच्यावर चालली. सुरक्षा काय होती? तर पोस्टमन. तो ओसरीवर बसायचा, पाणी प्यायचा, नोटा मोजायचा, सही घ्यायचा आणि सही येत नसेल तर अंगठा घेऊन शेजारच्या एखाद्या लिहिता येणाऱ्याची साक्ष घ्यायचा. ती पोचपावती परत मुंबईला जायची. आजीला पोस्टमन ओळखायचा, तिचा आवाज, तिचं घर, तिच्या सुनेशी भांडण झालंय का तेसुद्धा. आजीला काहीही पाठ ठेवायला लागत नव्हतं, कुठला नंबर नाही की कुठला शब्द नाही. आणि पैसे यायला आठवडा लागायचा, तेव्हा त्याचा वैताग यायचा, पण मध्ये काही गडबड झाली तर चौकशीला वेळही तेवढाच मिळायचा.

मग बँक आणि पतसंस्था आल्या, तिथेही खिडकीतला माणूस सही ताडून बघायचा, पासबुकावर फोटो असायचा, आणि बहुतेक वेळा तो तुमच्या मामाच्या गावचाच निघायचा. खरा बदल एटीएमने केला. पहिल्यांदाच ओळखायचं काम माणसाकडून काढून चार आकड्यांना दिलं, आणि ते चार आकडे सांभाळायची जबाबदारी खातेदारावर. आमच्याकडे अर्ध्या लोकांनी काय केलं, तर पिन कार्डाच्या कागदी पाकिटावरच बॉलपेनने लिहिला! हसू नका, सत्तरीच्या माणसाने आयुष्यभर एकही पासवर्ड ठेवलेला नव्हता, त्याला हे गुपित प्रकरण कोणी समजावून सांगितलं होतं? शाखेतल्या पोराने मशीन कसं वापरायचं ते दाखवलं, पिन सांगायचा नाही एवढं म्हणाला आणि पुढचा टोकन नंबर पुकारला.

चोर आधी मशीनच्याच मागे लागले, कार्डाच्या काळ्या पट्टीची नक्कल कर, बटणांच्या वर बारीक कॅमेरा लाव वगैरे, म्हणून चिपवाली कार्डं आली आणि २०१८ च्या अखेरपर्यंत जुनी पट्टीवाली बदलून घ्यायला सांगितलं. त्याआधीच ऑनलाईन खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून नियम केला होता की कार्डावर छापलेल्या आकड्यांवर पैसे जाता कामा नयेत, कार्डावर नसलेलं आणखी काहीतरी विचारलंच पाहिजे. आधी वेगळा पासवर्ड असायचा, मग हळूहळू त्याची जागा मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने घेतली. नियम चांगलाच होता आणि त्याने खूप चोऱ्या थांबल्या, पण आता कुलूप फोडण्यात काही अर्थ उरला नाही, ज्याच्या हातात चावी आहे त्यालाच गोड बोलून ती मागायची. झारखंडमधल्या जामताऱ्याचं नाव देशभर झालं ते ह्याच धंद्यामुळे. "आपका एटीएम ब्लॉक हो गया है."

हे हिंदीचं बघा. एरवी कोकणात अनोळखी हिंदी बोलणारा आला की चार प्रश्न विचारतात, कुठला, कोणाकडे आलास, कशाला आलास. पण फोनवर तोच हिंदी बोलला की लोकांना ते खरं वाटायचं, कारण आपल्या डोक्यात हेड ऑफिस म्हणजे मुंबई आणि मुंबईचा साहेब हिंदीच बोलणार. मालवणीत कोणी फोन केला असता तर म्हातारी म्हणाली असती, "तू खयचो?" आणि तिथेच खेळ संपला असता. हे माझं आपलं मत आहे, पण गावात ज्यांना ज्यांना असे फोन आले त्यांना विचारून बघा.

दुसरी गोष्ट वेगाची. २२ नोव्हेंबर २०१० ला आयएमपीएस, म्हणजे एका बँकेतून दुसरीत लगेच पैसे टाकायची सोय, सुरू झाली आणि रात्री अकराला, रविवारी, गणपतीच्या सुट्टीत कधीही पैसे क्षणात पोचायला लागले. पोरगा डोंबिवलीत लोकलमध्ये उभ्या उभ्या पैसे टाकतोय आणि आई इकडे खळ्यात मेसेज बघतेय, हे सुख मनीऑर्डरवाल्यांना स्वप्नातही नव्हतं. पण वेग चोरालाही तोच मिळाला. पैसे तुमच्या खात्यातून निघाले की पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिथून चौथ्या, आणि कुठल्यातरी एटीएममधून बाहेर, हे सगळं तुमचा चहा निवायच्या आत. ती मधली खाती बऱ्याचदा भाड्याची असतात बरं का, थोड्या पैशांसाठी पोरं आपलं पासबुक, कार्ड आणि सिम कोणालातरी वापरायला देतात आणि मग पोलीस पहिले त्यांच्याच दारात येतात. आपल्याकडच्या पोरांना हे कोणीतरी ओरडून सांगायला पाहिजे.

११ एप्रिल २०१६ ला रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना मुंबईत यूपीआय जाहीर झालं, ऑगस्टच्या शेवटी बँकांची अ‍ॅप्स यायला लागली, लगेच सप्टेंबरमध्ये जिओने डेटा फुकट वाटला, आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. भीम अ‍ॅप ३० डिसेंबरचं. एका वर्षात हे सगळं! ज्यांनी कधी बँकेचं अ‍ॅप उघडलं नव्हतं त्यांच्याही हातात यूपीआय आलं, कारण सुट्टे कुठे होते? पण शिकवलं कोणी नाही, शेजारच्याने दाखवलं तेवढंच शिक्षण.

मासळी बाजारात मात्र बायका स्वतःच शिकल्या. आधी पोरं नुसता स्क्रीनशॉट दाखवून सुरमई घेऊन जायची, जुना नाहीतर बनावट. एकदोनदा फटका बसल्यावर त्यांनी साउंडबॉक्स, म्हणजे पैसे आले की मोठ्याने सांगणारा डबा, आणून ठेवला. आता मालवणच्या बाजारात गिऱ्हाईकाने फोन कितीही नाकासमोर नाचवला तरी ती कोयत्यावरची नजर हलवत नाही, "थांब, आवाज येवंदे" म्हणते आणि डबा बोलला की मगच पिशवी हातात देते. पैसे आले की नाही हे देणाऱ्याच्या फोनवर बघायचंच नसतं, एवढी साधी गोष्ट आहे, ती तिला कळली पण शहरातल्या कित्येक शिकलेल्यांना अजून कळलेली नाही.

यूपीआयमध्ये एक सोय अशी होती की पैसे घेणारा मागणी पाठवू शकायचा, तुमच्या फोनवर ती यायची, तुम्ही पिन टाकला की पैसे जायचे. चोरांनी ती उलटी वापरली. तारकर्ली, गुहागर, दिवेआगर कडच्या घरगुती निवासवाल्यांना हा फोन ओळखीचा असेल, "मी आर्मी ऑफिसर, आमच्या दहा लोकांच्या खोल्या हव्यात, अ‍ॅडव्हान्स पाठवतो, फक्त पिन टाकून अ‍ॅक्सेप्ट करा." सोबत गणवेशातला फोटो आणि कसलंतरी ओळखपत्र. हापूसच्या सीझनमध्ये बागायतदारालाही तेच, पंचवीस पेट्या पाहिजेत, क्यूआर पाठवलाय तो स्कॅन करा म्हणजे पैसे येतील. पैसे यायला पिन कधीच लागत नाही हो. स्कॅनही करायला लागत नाही. पिन म्हणजे सही, आणि घेताना पोस्टमन सही घ्यायचा म्हणून आपल्या लोकांना पैसे मिळतानाही सही लागते असंच वाटतं, मला तरी ह्या फसवणुकीची अर्धी मेख तिथेच दिसते. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्या माणसाला अशी मागणी पाठवायची सोयच यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंद केली. दुकानदार कंपन्यांची मागणी तेव्हा चालू राहिली, आणि क्यूआरची थाप तर चालूच आहे.

आता आमच्या काकीचं सांगतो. २०२२ चा पावसाळा. त्या वर्षी सगळीकडे तो मेसेज फिरत होता, मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कट होणार, खालच्या नंबरवर अधिकाऱ्याला फोन करा. महावितरणनेही तेव्हा लोकांना सांगितलं होतं की असे मेसेज आमचे नव्हेत. पण कोकणात ह्या मेसेजची ताकद वेगळीच, निसर्ग आणि तौक्ते दोन्ही वादळांत लोकांनी कित्येक दिवस अंधारात काढलेले. काकी नंतर म्हणाली, "लाईट तशीय रोजच जाता, माका वाटला खरीच कापतत." तिने फोन लावला. पलीकडचा अगदी अदबीने बोलला, एक अ‍ॅप घ्यायला लावलं, त्यातला नऊ आकडी नंबर विचारला आणि फक्त दहा रुपये कार्डाने भरायला सांगितले. ते अ‍ॅप म्हणजे तिची स्क्रीन त्याला दाखवणारं. एनीडेस्कसारखी ही अ‍ॅप्स मुळात कॉम्प्युटर लांबून दुरुस्त करायला केलेली आहेत, त्यांचा असा वापर होतोय हे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना कळवलं होतं. काकीने ओटीपी कोणालाही सांगितला नाही, हे ती आजही शपथेवर सांगते आणि ते खरंच आहे, सांगायला लागलाच नाही, तो बघत होता. अठ्ठेचाळीस हजार गेले, तीन मेसेजमध्ये.

तिने लाजेने कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईला मुलाला फोन केला, तोही आधी इकडचं तिकडचं बोलून, पाऊस कसा आहे, माडावर वानर किती झालेत. मुलाने नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधायला घेतला, नशीब मध्येच थांबला, कारण तिथेही चोरांनी स्वतःचे नंबर लावून ठेवलेले असतात, कार्डाच्या मागचा नाहीतर पासबुकावरचाच लावायचा. मग १९३० लावला. ही हेल्पलाईन २०२१ ची, आधी तिचा नंबर १५५२६० होता. ती करते काय तर तुमचे पैसे कुठल्या खात्यात गेले ते बँकाबँकांत पुढे पुढे कळवून सापडतील तिथे रोखून धरते. मनीऑर्डरचा जो आठवडा गेला ना, त्यातले तास-दोन तास परत मिळवायचा हा खटाटोप आहे, म्हणून फोन पहिल्या तासात गेला तर उपयोग जास्त. काकीचे वीस तास गेले होते.

शाखेत साहेबाने हात वर केले, "तुम्हीच अ‍ॅप घेतलं ना?" तेव्हाचा नियम काय होता तर रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक, सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. चूक बँकेची असेल तर तुमचं नुकसान शून्य. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुठेतरी गडबड, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तरीही शून्य. पण तुमच्या निष्काळजीपणाने गेले तर कळवेपर्यंतचं तुमच्या माथी, कळवल्यानंतर गेले ते बँकेच्या. आणि ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं, हे खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही. बँकेने ऐकलंच नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, १४४४८ वर माहिती मिळते. पण स्क्रीन उघडी करून देणं निष्काळजीपणा की फसवणूक ह्यावर वाद घालत बसलं की पावसाळा सरतो.

त्यानंतर चोर अजून पुढे गेले. आता व्हॉट्सअ‍ॅपवर आरटीओ चलान म्हणून नाहीतर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईल येते, म्हणजे उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी, आणि ती ओळखीच्याच नंबरवरून येते कारण त्या ओळखीच्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. घेतली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते, दिली की तुमचा ओटीपी परस्पर तिकडे. व्हिडिओवर खोटे पोलीस बसवून डिजिटल अरेस्ट, ज्याबद्दल पंतप्रधानांनाही ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये बोलायला लागलं. कोणी म्हणतं हा एक मेसेज अमुक नंबरला पुढे पाठवा, तो मेसेज म्हणजे तुमचं सिम त्याच्या फोनमधल्या यूपीआयला जोडायची परवानगी असते. गावात तर सिम मुलाच्या नावावर, फोन आईच्या हातात आणि खातं दोघांचं, कोण कोणाला विचारणार?

ओळख पटवायचं काम इतकी वर्षं सगळं खातेदारावर टाकल्यावर आता जरा उलटं चाललंय, म्हणजे बँकेनेही आपण बँक आहोत हे दाखवायचं. बँकांच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर, वेबसाईटच्या पत्त्याच्या शेवटी डॉट बँक डॉट इन, आणि २०२५ पासून मेसेज पाठवणाऱ्याच्या नावामागे एक अक्षर, जाहिरात असेल तर पी, सेवेचा एस, व्यवहाराचा टी, सरकारी असेल तर जी. काकीच्या फोनच्या कव्हरमध्ये मुलाने १६०० आणि १९३० असे दोन नंबर लिहून चिठ्ठी घातलीय, जिथे आधी पिनची होती.

तिच्या अठ्ठेचाळीस हजारांपैकी अकरा हजार कुठल्यातरी खात्यात अडकवलेले सापडले. पोलीस स्टेशन, अर्ज, कोर्टाचा आदेश, परत अर्ज, आणि चौदा महिन्यांनी ते तिच्या खात्यात आले. मेसेज आला तेव्हा मी तिथेच होतो, तिने तो उघडला नाही, माझ्याकडे फोन दिला आणि म्हणाली, "बघ कायता. ह्येच्यापेक्षा मनीऑर्डर बरी रे."