पार्श्वभूमी : सांगोल्याचे आबा आणि मुंबईतली विधानसभा

२०२२ मध्ये गुवाहाटीहून आलेल्या ‘काय झाडी, काय डोंगर’ या फोनवरच्या संवादामुळे सोलापूर जिल्ह्यातला सांगोला मुंबईकरांच्या तोंडी बसला. त्याआधी निम्मं शतक विधानसभेत सांगोला म्हटलं की एकच नाव पुढे येई : गणपतराव देशमुख, तालुक्याचे ‘आबा’.

शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) १९६२ साली ते पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा विधानसभा रीगलजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायची. तिथं आता राज्याचं पोलीस मुख्यालय आहे. नरिमन पॉइंटचं विधानभवन १९८१ चं. दोन्ही वास्तू धरून आबा ११ वेळा आमदार. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पुन्हा पडले, तेही १९२ मतांनी. हरवणारे शहाजीबापू पाटील, म्हणजे झाडी-डोंगरवालेच.

मुंबईत त्यांची ओळख ‘एसटीनं येणारा आमदार’. एसटीत खिडकीच्या वर ‘विधानसभा सदस्य’ असं रंगवलेलं असतं. त्या सीटवर खरोखर आमदार बसलेला फार थोड्या कंडक्टरांनी पाहिला असेल. पण साधेपणाचे हे किस्से इतके उगाळले गेले की आबा मुंबईत नेमकं काय मागत होते, ते मागेच पडलं.

मागत होते पाणी. सांगोला पर्जन्यछायेतला, माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादानं महाराष्ट्राच्या वाट्याला पाणी दिलं, पण ते चढावरच्या दुष्काळी तालुक्यांपर्यंत न्यायचं तर पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलावं लागतं. म्हणजे आधी पैसा, मग कायमचं वीजबिल. सरकारं तिथंच हात आखडता घेत. १९९३ पासून आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली, तिच्यात आबा पुढे होते. बाहेर परिषद आणि सभागृहात प्रश्न, असा तो दुहेरी रेटा. कराडजवळून पाणी उचलणारी टेंभू योजना या मागणीतली मोठी.

सत्ता त्यांना फारशी लाभली नाही. १९७७-७८ मध्ये विरोधी पक्षनेतेपद, मग शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या आणि १९९९ मध्ये विलासरावांच्या मंत्रिमंडळात मंत्रिपद, एवढंच. पक्ष आटत गेला तरी त्यांनी तो सोडला नाही. सोडता तर योजना लवकर पुऱ्या झाल्या असत्या, असं म्हणणारे सांगोल्यातही भेटतात. मला ते पटत नाही. पाण्यावर सरकारला अडवायची मोकळीक त्यांना विरोधी बाकांनीच दिली.

२०१९ ला ते उभे राहिले नाहीत आणि जागा गेली. ३० जुलै २०२१ ला आबा गेले. २०२४ मध्ये नातू डॉ. बाबासाहेब देशमुखांनी शहाजीबापूंना हरवून ती शेकापकडे परत आणली.